ओआहूची पिवळ्या टोकाची गोगलगाय

१ जानेवारी २०१९ रोजी हवाई बेटसमूहातील ओआहू या बेटावर सुमारे चौदा वर्षांची एक गोगलगाय मरण पावली. तिची देखभाल करणाऱ्यांनी तिचे नाव जॉर्ज ठेवले होते, कारण गालापागोसच्या पिंटा बेटावरील शेवटचे कासव, जे २०१२ मध्ये गेले, त्याचेही नाव जॉर्जच होते. या गोगलगायीबरोबर अकॅटिनेला अपेक्सफुल्वा ही प्रजाती संपली. ती ओआहूखेरीज जगात कोठेही आढळत नव्हती.

तिचा शंख जेमतेम दोन सेंटिमीटरचा, गुळगुळीत आणि चकचकीत असे. ‘अपेक्सफुल्वा’ या लॅटिन नावाचा अर्थच पिवळसर टोकाची असा होतो. १७८७ च्या सुमारास जॉर्ज डिक्सन हा इंग्रज कप्तान ओआहूला आला असता त्याला अशा शंखांची माळ मिळाली आणि तिच्यातील शंखाचे वर्णन १७८९ मध्ये छापले गेले. हवाईच्या भू-गोगलगायींपैकी शास्त्रीय नाव मिळालेली ही पहिली प्रजाती.

गोगलगाय म्हटले की कुरतडलेली पाने आपल्या डोळ्यांपुढे येतात, पण ही गोगलगाय पान खातच नव्हती. दिवसभर ती पानाला चिकटून निजलेली असे आणि रात्री ओल वाढली की कानशीसारखी दातेरी जीभ पानावरून फिरवत तिथली बुरशी आणि शेवाळ खरवडून खाई. पानाला ओरखडाही उठत नसे. कित्येक गोगलगायींचे सारे आयुष्य एकाच झाडावर किंवा शेजारच्या दोनचार झाडांवर जाई. ती अंडी घालत नसे. एका वेळी एकच पिल्लू, तेही इवलासा शंख अंगावर घेऊन जन्माला येई आणि त्याला वयात यायला काही वर्षे लागत.

या संथपणाचे मोल सर्वांत आधी ज्यांनी ओळखले, त्यांत जॉन थॉमस गुलिक यांचे नाव घ्यावे लागेल. हवाईतच जन्मलेल्या या मिशनऱ्याच्या मुलाने १८५० च्या दशकात ओआहूच्या दऱ्याखोऱ्यांतून हजारो शंख गोळा केले. दोन शेजारच्या दऱ्यांतील झाडी तीच, पाऊस तोच, तरी शंखांचे रंग आणि पट्टे मात्र वेगळे, असे त्यांच्या लक्षात आले. मधला डोंगर ओलांडणे गोगलगायीला जमत नाही, म्हणून केवळ वेगळे पडल्यामुळेही सजीवांच्या जाती निराळ्या होत जातात, असा विचार त्यांनी १८७२ मध्ये मांडला. उत्क्रांतीच्या अभ्यासात तो फार महत्त्वाचा ठरला. अकॅटिनेला या एकट्या प्रजातीगटात चाळीसहून अधिक प्रजाती होत्या आणि त्या सगळ्या ओआहूच्याच.

ज्या संथपणाने ही विविधता घडवली, त्यानेच पुढे घात केला. जंगलतोड झाली, जहाजांबरोबर उंदीर आले, संग्राहकांनी टोपल्या भरभरून शंख नेले. पण खरा घाव पडला तो एका उपायातून. १९३६ मध्ये हवाईत आफ्रिकी शंखी गोगलगाय आणली गेली. मराठवाड्यातील शेतकऱ्यांना शंखी गोगलगायीची ओळख करून देण्याची गरज नाही. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड भागात तिने सोयाबीनची कोवळी रोपे फस्त केली, तेव्हा लोकांनी गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे बांधावर टाकून तिला हाताने वेचले होते. ती एका खेपेला शंभराहून अधिक अंडी घालते. तिचा बंदोबस्त करण्यासाठी हवाईत १९५५ मध्ये फ्लोरिडाहून युग्लँडिना रोझिया ही शिकारी गोगलगाय सोडण्यात आली.

‘गोगलगाय अन् पोटात पाय’ ही म्हण हिला चपखल लागू पडते. तोंडाजवळच्या मिशीसारख्या लांबट अवयवांनी ती दुसऱ्या गोगलगायीने मागे सोडलेल्या चिकट रेषेचा माग काढते, त्या मागावरून झाडावर चढते आणि लहान भक्ष्य सापडले तर शंखासकट गिळते. शंखी गोगलगाय तिला आवरली नाही. उलट वर्षाकाठी मोजकीच पिल्ले देणाऱ्या स्थानिक गोगलगायी तिच्यापुढे टिकू शकल्या नाहीत. नैसर्गिक शत्रू आणून सोडण्याचा उपाय मुळातच चुकीचा असतो असे नाही, पण जो शत्रू कोणतीही गोगलगाय खातो, तो बेटावर सोडणे ही अक्षम्य चूक होती.

१९८१ मध्ये अमेरिकेच्या कायद्याने अकॅटिनेलाच्या सर्व प्रजातींना संकटग्रस्त म्हणून संरक्षण दिले. अपेक्सफुल्वाच्या शेवटच्या माहीत असलेल्या दहा गोगलगायी १९९७ मध्ये प्रयोगशाळेत आणल्या गेल्या. त्यांना काही पिल्ले झाली, पण एकेक करत सगळ्या मेल्या आणि तिथेच जन्मलेला जॉर्ज तेवढा उरला. प्रत्येक गोगलगायीच्या अंगी नर आणि मादी दोन्ही असले, तरी या प्रजातीला जोडीदार लागतोच, आणि तो जॉर्जला मिळाला नाही. २०१७ मध्ये त्याच्या पायाचा दोन मिलिमीटरचा तुकडा काढून सॅन दिएगोच्या गोठण-संग्रहात, म्हणजे प्राण्यांच्या पेशी गोठवून जपणाऱ्या संग्रहात, ठेवण्यात आला.

उरलेल्या काही प्रजातींसाठी ओआहूच्या डोंगरांत जंगलाच्या छोट्या तुकड्यांभोवती भिंती उभारल्या आहेत. भिंतीला बाहेरच्या बाजूने झुकता काठ, तांब्याची जाळी आणि विजेच्या तारा असतात, म्हणजे शिकारी गोगलगाय वर चढू शकत नाही. मात्र वाऱ्याने एखादी फांदी भिंतीवर आडवी पडली, तर तीच पूल ठरते. म्हणून वादळ होऊन गेले की कोणाला तरी डोंगर चढून जाऊन ती उचलावी लागते.