घरगुती वीजदर सवलत

अल्प उत्पन्न गटातील कुटुंबांना घरातील विजेचे बिल पेलता यावे, म्हणून दररचनेतून किंवा शासकीय अनुदानातून दिले जाणारे साहाय्य. अमेरिकेत १९८१ च्या संघीय कायद्यानुसार राज्यांना निधी मिळतो आणि गरजू कुटुंब उत्पन्नाचे पुरावे जोडून त्यासाठी अर्ज करते. ब्रिटनमध्ये हिवाळ्यातील इंधनासाठी वेगळी रक्कम देण्याची पद्धत आहे. भारतात मात्र हे साहाय्य प्रामुख्याने दरपत्रकातच गुंफलेले असते. त्यामुळे ग्राहक गरीब आहे की नाही, याचा निर्णय बहुधा तहसीलदाराचा दाखला करीत नाही. तो मीटरवरील युनिटांची संख्या करते. या व्यवस्थेचे गुण आणि तिच्यातील बहुतेक वाद या एकाच गोष्टीतून निघतात.

जगण्यासाठी आवश्यक तेवढी वीज स्वस्त दरात द्यावी, या कल्पनेला कायद्याचे रूप प्रथम कोठे मिळाले, याविषयी सामान्यतः कॅलिफोर्नियाच्या १९७५ च्या कायद्याकडे बोट दाखवले जाते. १९७८ च्या अमेरिकी संघीय कायद्यातही अशा दराचा उल्लेख आहे. भारतातील उगमाबद्दल मात्र एकमत नाही. एका मतानुसार केंद्र शासनाने १९८८-८९ मध्ये सुरू केलेली ‘कुटीर ज्योती’ योजना हा या साहाय्याचा आरंभ होय. तिच्यातून ग्रामीण भागातील दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना एका दिव्याची जोडणी मोफत दिली जाई. कर्नाटकातील ‘भाग्यज्योती’ योजना याही आधीची मानली जाते. दुसरे मत असे की, १९४८ च्या वीज (पुरवठा) अधिनियमाखाली स्थापन झालेल्या राज्य वीज मंडळांनी कमी वापराच्या टप्प्यांना पूर्वीपासूनच खालचे दर लावले होते, म्हणून आरंभ तेथून धरावा. तिसरे मत सवलतीची सुरुवात २००५ च्या राष्ट्रीय वीज धोरणापासून मानते. यांपैकी पहिल्या मताला एक अडचण आहे. कुटीर ज्योती ही जोडणीची योजना होती, वापराच्या खर्चाची नव्हे. अनेक जोडण्यांना सुरुवातीस मीटरही नव्हते, त्यामुळे तेथे प्रतियुनिट सवलतीचा प्रश्नच उद्भवत नव्हता. मंडळांच्या टप्प्यांचा लाभ सर्वच घरगुती ग्राहकांना मिळत असे. गरीब ग्राहकाचा स्वतंत्र गट कल्पून त्याच्यासाठी दराची मर्यादा लेखी ठरवणे, एवढ्यापुरते पाहिल्यास तिसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

दि. १२ फेब्रुवारी २००५ च्या राष्ट्रीय वीज धोरणात असे म्हटले आहे की, दारिद्र्यरेषेखालील जे ग्राहक एका ठरावीक पातळीपेक्षा, उदाहरणार्थ महिना ३० युनिटांपेक्षा, कमी वीज वापरतात, त्यांना क्रॉस सबसिडीद्वारे, म्हणजे इतर ग्राहकांकडून घेतलेल्या जादा दरातून, विशेष साहाय्य देता येईल. मात्र त्यांचा दर सरासरी पुरवठा खर्चाच्या किमान ५० टक्के असावा. ६ जानेवारी २००६ च्या राष्ट्रीय दर धोरणाने हीच तरतूद उचलली. ३० हा आकडा कशावरून घेतला, याचे विवरण तेथे नाही. त्याच वीज धोरणात २०१२ पर्यंत प्रत्येक कुटुंबाला दिवसाला किमान १ युनिट मिळावे असे उद्दिष्ट आहे. आकडा त्यावरूनच आला असावा. धोरणाने ‘उदाहरणार्थ’ म्हणून सुचवलेला हा आकडा नंतर महाराष्ट्रासारख्या राज्यांच्या दरपत्रकांत जवळजवळ नियम म्हणून स्थिरावला, ही लक्षात घेण्याजोगी बाब आहे.

कायद्याच्या दृष्टीने सवलतीचे दोन प्रकार वेगळे ठेवावे लागतात. पहिली क्रॉस सबसिडी. तिच्यात उद्योग, व्यापारी आस्थापना आणि मोठे घरगुती ग्राहक यांच्याकडून पुरवठा खर्चापेक्षा जास्त दर घेऊन लहान ग्राहकाची तूट भरून काढली जाते. शासनाच्या तिजोरीचा तिच्याशी संबंध येत नाही. वीज अधिनियम २००३ च्या कलम ६१ मध्ये ही क्रॉस सबसिडी क्रमाक्रमाने कमी करण्याचे तत्त्व आहे, तर २००६ च्या दर धोरणाने सर्व दर सरासरी पुरवठा खर्चाच्या २० टक्के वर-खाली या पट्ट्यात आणण्याचे उद्दिष्ट ठेवले. दारिद्र्यरेषेखालील गट हा त्याला मान्य केलेला अपवाद होय. दुसरा प्रकार राज्य शासनाच्या अनुदानाचा. त्याच अधिनियमाच्या कलम ६५ नुसार राज्य शासनाला, दर ठरवणाऱ्या विद्युत नियामक आयोगाने ठरवलेल्या दरापेक्षा कमी दर एखाद्या वर्गाला द्यावयाचा असेल, तर त्यापोटीची रक्कम वितरण कंपनीला आगाऊ द्यावी लागते. ती न दिल्यास शासनाचा आदेश लागू राहत नाही आणि आयोगाचाच दर चालतो. व्यवहारात ही रक्कम अनेक राज्यांत थकत आली आहे आणि तिचा भार वितरण कंपन्यांच्या ताळेबंदावर पडला आहे. २००६ चे दर धोरण सरसकट क्रॉस सबसिडीपेक्षा थेट अनुदान हा गरिबांना साहाय्य करण्याचा अधिक चांगला मार्ग मानते.

महाराष्ट्रात दर ठरवण्याचे काम १९९९ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाकडे आहे. आयोगाच्या दर आदेशांत लघुदाब घरगुती ग्राहकांचे दोन उपवर्ग आढळतात : दारिद्र्यरेषेखालील व इतर. महावितरणच्या ग्राहकाला पहिल्या उपवर्गात राहण्यासाठी मंजूर भार ०.२५ किलोवॉटपर्यंत आणि मागील आर्थिक वर्षातील वापर ३६० युनिटांपर्यंत असावा लागतो. आधीच्या आदेशांत भाराची मर्यादा ०.१ किलोवॉट होती. उपवर्गाच्या नावात दारिद्र्यरेषा असली, तरी निकषांत उत्पन्न किंवा पिवळी शिधापत्रिका यांना स्थान नाही. पात्रता दर आर्थिक वर्षाच्या अखेरीस तपासली जाते आणि नव्या ग्राहकासाठी पहिल्या बिलाच्या महिन्यातील वापर दिवसाला १ युनिट या प्रमाणात पाहिला जातो. ३६० युनिटांची मर्यादा ओलांडणारा ग्राहक सर्वसाधारण घरगुती दरात जातो आणि पुढे वापर कितीही घटला, तरी त्याला परत येता येत नाही. आजारपणामुळे किंवा घरात पाहुणे राहिल्यामुळे एका वर्षी वापर वाढलेल्या कुटुंबावरही ही अट सारखीच लागू होते. दरवर्षी फेरतपासणी करणाऱ्या नियमातच परतीची वाट बंद असावी, हे विसंगत आहे.

मर्यादेचा अर्थ साध्या हिशेबाने कळतो. ९ वॉटचे तीन एलईडी दिवे रोज पाच तास आणि ७५ वॉटचा एक पंखा दहा तास चालवल्यास दिवसाला सुमारे ०.८९ युनिट लागते. त्यात ५० वॉटचा दूरचित्रवाणी संच चार तास धरला, की १ युनिटाची मर्यादा ओलांडली जाते. वर्षाची बेरीज पाहिली जात असल्याने उन्हाळ्यातील जादा वापर हिवाळ्यातील कमी वापरात काही प्रमाणात भरून निघतो, हा महाराष्ट्रातील नियमाचा गुण म्हणावा लागेल. पण विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत कूलर चालवणारे घर बहुधा या हिशेबाबाहेर जाते. हवामानानुसार मर्यादा बदलण्याची तरतूद नाही. शीतकपाटाचा तर या उपवर्गात विचारच केलेला दिसत नाही.

त्याच्या वरच्या ग्राहकांसाठी ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० हून अधिक असे टप्पे महावितरणच्या दरपत्रकात रूढ आहेत. दर टप्प्याटप्प्याने चढत असल्यामुळे पहिल्या १०० युनिटांचा कमी दर मोठ्या ग्राहकालाही मिळतो. वर्षातून काही दिवसच उघडणाऱ्या दुसऱ्या घराला तर तो पूर्णपणे मिळतो. उलट एका मीटरवर दोन-तीन कुटुंबे राहत असतील, तर त्यांचा एकत्रित वापर वरच्या टप्प्यात जातो. झोपडपट्टीत पोटमीटरवर वीज घेणारा भाडेकरू घरमालक सांगेल तो दर देतो आणि सवलत त्याच्यापर्यंत पोचत नाही. वापर हाच गरिबीचा निकष मानण्याविरुद्धचा हा सर्वांत सबळ आक्षेप आहे. त्यावर असे उत्तर दिले जाते की, उत्पन्नाच्या दाखल्यांत होणाऱ्या चुका याहून कमी नसतात आणि मीटर निदान लाच मागत नाही.

इतर राज्यांनी प्रामुख्याने शासकीय अनुदानाचा मार्ग घेतला आहे. तमिळनाडूत २०१६ पासून दोन महिन्यांच्या बिलात १०० युनिटे मोफत देण्यात येऊ लागली. दिल्लीत १ ऑगस्ट २०१९ पासून महिना २०० युनिटांपर्यंत बिल शून्य आणि २०१ ते ४०० युनिटांपर्यंत निम्मी सवलत सुरू झाली; ऑक्टोबर २०२२ पासून ती मागणाऱ्यालाच मिळू लागली. पंजाबमध्ये जुलै २०२२ पासून महिना ३०० युनिटांची सवलत लागू झाली. या योजनांत गरिबीचा निकष जवळजवळ उरलेला नाही. महाराष्ट्र शासनाचे वीज अनुदान मुख्यतः कृषिपंप व यंत्रमाग यांच्याकडे गेले आहे. गोव्यात राज्याचे वीज खातेच वितरण करते आणि दर संयुक्त विद्युत नियामक आयोग ठरवतो. तेथेही अल्प उत्पन्न गटाचा वेगळा उपवर्ग राहिलेला आहे.

स्वयंपाकाच्या इंधनाचे साहाय्य वेगळ्या वाटेने गेले. गॅस सिलिंडरची सबसिडी २०१५ पासून देशभर थेट बँक खात्यात जमा होऊ लागली आणि १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने गरीब कुटुंबातील स्त्रीच्या नावे जोडणी देण्यास आरंभ केला. विजेसाठीही हीच पद्धत आणण्याची सूचना वीज अधिनियमाच्या २०२० च्या दुरुस्ती मसुद्यात होती. तो मसुदा कायदा झाला नाही. वीज जोडणी अनेकदा घरमालकाच्या किंवा मृत वडिलांच्या नावावर असते, त्यामुळे कोणाच्या खात्यात रक्कम जमा करावी, हा प्रश्न गॅसपेक्षा येथे अवघड आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत छतावरील सौर संचासाठी २ किलोवॉटपर्यंत प्रतिकिलोवॉट ३०,००० रुपये आणि एकूण कमाल ७८,००० रुपये अनुदान आहे. ज्याला स्वतःचे छत नाही, तो भाडेकरू याही योजनेबाहेर राहतो.