क्रुसावरचं जांभळं कापड दुखवट्याचं नाही

ईस्टर जवळ आला की एक समजूत हमखास पुढे येते: येशूच्या मृत्यूचा शोक म्हणून चर्चमधला क्रूस गुड फ्रायडेला कापडाने झाकतात. ऐकायला पटतं, पण क्रम नेमका उलटा आहे.

रोमन कॅथलिक प्रथेत क्रूस आणि मूर्ती झाकल्या जातात त्या ईस्टरच्या दोन आठवडे आधीच्या रविवारी. गुड फ्रायडेला क्रूस उलट उघडला जातो, तोही टप्प्याटप्प्याने. धर्मगुरू आधी वरचा भाग, मग क्रुसाचा उजवा हात आणि शेवटी पूर्ण क्रूस उघडतात. दर टप्प्याला लोक गुडघे टेकतात. मृत्यूच्या दिवशीच उघडायचं असेल तर शोकाचं कारण टिकत नाही. मूर्तींवरचं कापड मात्र ईस्टरच्या रात्रीच्या उपासनेआधी निघतं.

मग झाकायचं कशाला? उपासनेतल्या वाचनांच्या जुन्या क्रमात त्या रविवारी योहानाच्या शुभवर्तमानाचा ८वा अध्याय वाचत. लोक दगड उचलतात, येशू लपून मंदिराबाहेर निघून जातो. एक जुना अर्थ याच्याशी जोडलेला आहे: येशू लपला, म्हणून क्रूसही झाकायचा. त्याहूनही जुनी रीत जर्मनीत होती: उपवासकाळात अख्खी वेदीच पडद्याआड जाई.

आणि हो, ही सक्ती नाही. १९७०च्या मिस्सा-ग्रंथानुसार (कॅथलिक उपासनेचा अधिकृत ग्रंथ) निर्णय त्या-त्या देशाच्या बिशप परिषदेचा. अमेरिकेतल्या अनेक प्रोटेस्टंट चर्चबाहेर क्रुसावर जांभळं, काळं, मग पांढरं कापड नुसतं लपेटलेलं दिसतं. तिथे काळं खरोखर गुड फ्रायडेचं असतं. गोंधळ बहुधा तिथूनच होतो.