शाळेसाठी पैसे मागण्याची रीत

आमच्या भागात 'अनुदान' या शब्दाचा अर्थ एकच: सरकारकडून येणारा मास्तरांचा पगार. शाळा अनुदानित की विनाअनुदानित, यावर पोरांची लग्नं जुळली आहेत आणि मोडलीही आहेत. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात आमची लहानशी संस्था संध्याकाळचे वर्ग चालवते. तिथं 'ग्रँटचं लिहायला बसलोय' म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, "किती टक्के मंजूर झालं?" त्याच्या डोक्यात टप्पा अनुदान असतं, म्हणजे टक्क्याटक्क्यानं वाढत जाणारं सरकारी पगाराचं अनुदान. आमचं काम वेगळं आहे, देणगीदारांना प्रस्ताव लिहून वर्गांसाठी पैसे मागण्याचं, आणि त्याची मुळं पगारी अनुदानाच्याही मागे जातात.

आधी होती वर्गणी. गाडगेबाबा कीर्तनात लोकांना शिक्षणाचं सांगत आणि जमलेल्या पैशातून धर्मशाळा, वसतिगृहं उभी करत. उभं केलेलं विश्वस्तांच्या हाती देऊन स्वतः मात्र गाडगं घेऊन पुढच्या गावाला. पंजाबराव देशमुखांनी 1932 साली अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली, तीही वऱ्हाडातल्या शेतकऱ्यांच्या मुलांसाठी. पूर्व विदर्भात, झाडीपट्टीत, गावचं मंडळ रात्रीचं नाटक ठरवतं, तिकिटं विकतं आणि उरलेला पैसा गावकामाला लावतं. या साऱ्यात देणारा मागणाऱ्याला ओळखत होता. पैसा कुठं गेला हे पारावर विचारता येत होतं, आणि विचारलंही जायचं.

पैशाचा प्रश्न सगळ्यात उघडपणे मांडला गेला तो वर्ध्यात. ऑक्टोबर 1937 मध्ये तिथं शिक्षण परिषद भरली आणि 'नई तालीम'ची कल्पना पुढं आली. तिच्याबद्दल बोलताना आपण सूतकताई आणि हस्तोद्योग आठवतो, त्यामागची अडचण विसरतो. प्रांतांत नुकतीच काँग्रेसची मंत्रिमंडळं आली होती. त्यांना दारूबंदी करायची होती, पण शाळा चालत होत्या दारूवरच्या कराच्या उत्पन्नावर. मग मुलांना शिकवायला दारू विकायची का? गांधींचं उत्तर होतं, शाळेनं हातच्या उद्योगातून आपला खर्च बराचसा काढावा. (वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आजही आहे, कागदावर.) खर्च काही तसा निघाला नाही. तरी शिकवण्याला पैसा कुठला घ्यायचा आणि कुठला नाही, हा प्रश्न तेव्हा थेट विचारला गेला. आता आम्ही तो प्रस्तावात लिहीत नाही.

स्वातंत्र्यानंतर सरकार मोठा दाता झालं आणि संस्थाचालकांचे पाय मुंबईकडे, नागपूरकडे वळले. सोबत कागदही वाढले. 1860 च्या कायद्याखाली सोसायटी, धर्मादाय आयुक्तांकडे न्यास, विश्वस्त बदलला की चेंज रिपोर्ट. परदेशी देणगीवर 1976 मध्ये आणीबाणीच्या काळात कायदा आला. 2010 मध्ये तो नव्यानं झाला आणि 2020 च्या दुरुस्तीनं फारच आवळला. प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 वर आली. मोठ्या संस्थेनं परदेशी पैसा घेऊन आमच्यासारख्या लहान संस्थेला पुढं द्यायचा, ही वाटही बंद झाली. लहान संस्थांना खरा फटका तिथं बसला असं मला वाटतं.

दरम्यान 2006 मध्ये शेतकरी आत्महत्यांमुळं पंतप्रधान पॅकेज आलं. यवतमाळ, अमरावती, अकोला, वाशिम, बुलढाणा, वर्धा हे सहा जिल्हे देशभर 'आत्महत्याग्रस्त' म्हणून ओळखले जाऊ लागले. बाहेरच्या देणगीदारांना आमचा पत्ता त्या शब्दानं कळला. प्रस्तावाच्या पहिल्या परिच्छेदात तो घालायची सवयही तेव्हाचीच. मी ती मोडायचा प्रयत्न करतो, पण आकडा नसला की वाचणारा पुढं जात नाही, हेही खरं.

1 एप्रिल 2014 पासून कंपन्यांना नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करणं बंधनकारक झालं, त्यालाच सीएसआर म्हणतात. ज्या कंपनीची नक्त मालमत्ता 500 कोटी, उलाढाल 1000 कोटी किंवा नफा 5 कोटी, तिला हा नियम. कायदा म्हणतो, कामाच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्या. चंद्रपूरला कोळसा आणि सिमेंट आहे, वणीला कोळसा आहे. वाशिम, बुलढाण्यात असं फारसं काही नाही. कारखाना जिथं, पैसा तिथं. गडचिरोली आणि वाशिम 2018 मध्ये आकांक्षित, म्हणजे विकासात मागे पडलेल्या, जिल्ह्यांच्या केंद्राच्या यादीत गेले, तेव्हा कंपन्यांचं थोडं लक्ष तिकडं गेलं.

त्यातही वेळेचा घोळ असतो. कंपनीचं वर्ष मार्चला संपतं, म्हणून फेब्रुवारीत फोन येतो, "तातडीनं पाठवा." आमच्या शाळा उन्हामुळं जूनच्या शेवटी उघडतात. शेतकऱ्याच्या हाती पैसा येतो तो कापूस निघाल्यावर, दिवाळी ते संक्रांतीच्या आसपास. वर्गणी तेव्हाच मागायची असते. तीन कॅलेंडरं, तिन्ही वेगळी. मधले महिने वर्ग घेणाऱ्या ताईंचं मानधन उसनवारीवर.

कागदांत आता बारा-ए (संस्थेच्या आयकर सवलतीची नोंदणी), ऐंशी-जी (दात्याच्या करसवलतीची), नीती आयोगाच्या पोर्टलवरचा दर्पण क्रमांक, सीएसआर-1 (सीएसआरचा पैसा घेण्यासाठीची नोंदणी), तीन वर्षांचं ऑडिट, तीन कोटेशन. 2000 रुपयांवरच्या रोख देणगीवर दात्याला करसवलत नाही. हे सारं भरणाऱ्या माणसाच्या पगारासाठी मात्र बहुतेक प्रस्तावांत रकाना नसतो. मी रात्री भरतो.

गेल्या वर्षीच्या एका अर्जात 'लोकसहभाग' असा रकाना होता. आम्ही लिहिलं: वर्गाची खोली बिनभाड्याची, खळ्यावर मिळालेली तूर दोन पोती. कंपनीच्या बाईंनी फोनवर विचारलं, "तुरीचं बिल आहे का?" मी जुनं पावती पुस्तक काढलं. त्यात तूरही होती आणि देणाऱ्यांचे अंगठेही. तेच स्कॅन करून पाठवलं.