अल्बमपासून ‘बिग बॉस’पर्यंत : अभिजीत सावंत यांच्या वीस वर्षांची पार्श्वभूमी

‘बिग बॉस मराठी’च्या पाचव्या पर्वाची अंतिम फेरी 6 ऑक्टोबर 2024 रोजी झाली आणि तीत अभिजीत सावंत उपविजेते ठरले. दुसऱ्या दिवशी त्यांना 43 वर्षे पूर्ण झाली. ठाण्यात नौपाड्यातील जुन्या चाळींपासून घोडबंदर रस्त्यावरील नव्या संकुलांपर्यंत हे पर्व एकाच घरात दोन पिढ्यांनी पाहिले. त्यांतील एका पिढीने 2005 मध्ये ‘इंडियन आयडल’ या दूरचित्रवाणीवरील गायनस्पर्धेत याच गायकासाठी मोबाइलवरून मते पाठवली होती, तर दुसऱ्या पिढीला ते मुळात गायक आहेत हेच कार्यक्रम सुरू झाल्यावर कळले. एवढे नाव झालेल्या गायकाला ‘बिग बॉस’च्या बंद घरात स्पर्धक म्हणून जाऊन बसायची वेळ का यावी, हा प्रश्न त्या काळात अनेकांनी विचारला आणि तो विचारताना बहुतेकांच्या स्वरात थोडी कीव होती. ती अनाठायी आहे असे मला मनापासून वाटते. गायकाने गाणे सोडून दूरचित्रवाणी धरली, असे या प्रकरणात झालेलेच नाही. ज्या अल्बम व्यवसायासाठी त्यांची निवड झाली, तो व्यवसायच त्यांच्या निवडीनंतर काही वर्षांत संपला आणि निवड करणारी दूरचित्रवाणी तेवढी उरली.

हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते. गाण्याची कीर्ती आणि गाणाऱ्याचा चेहरा या गोष्टी मराठीत फार काळ एकमेकींपासून वेगळ्या होत्या. ठाण्याचे नगराध्यक्षपद भूषवलेले जनकवी पी. सावळाराम यांची गीते वसंत प्रभूंच्या चालींवर आणि लता मंगेशकरांच्या आवाजात रेडिओवरून महाराष्ट्रभर गेली. ती गुणगुणणाऱ्या लाखो माणसांनी कवीला कधी पाहिलेही नव्हते आणि पाहण्याची गरजही कुणाला वाटली नव्हती. ठाण्यातच राहणारे पं. राम मराठे यांची थोरवी मैफलीत आणि संगीत रंगभूमीवर सिद्ध झाली. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाल्यावर गायक दिसू लागले. तरीही पडद्यावर येणारा गायक आधी आकाशवाणीवर, रंगमंचावर किंवा ध्वनिमुद्रिकेतून मान्यता मिळवून आलेला असे. दूरदर्शन त्याला दाखवीत असे, पण त्याला घडवण्याचे काम इतरत्र झालेले असे.

हा क्रम नव्वदच्या दशकात उलटला. झी टीव्ही ऑक्टोबर 1992 मध्ये सुरू झाला, स्टारच्या मार्गाने एमटीव्ही आधीच आला होता आणि 1994 मध्ये चॅनल व्ही आले. या वाहिन्यांना दिवसभर दाखवायला गाणी हवी होती, आणि ती चित्रपटांखेरीजही हवी होती. त्यातून जो प्रकार जन्मला त्याला इंडिपॉप म्हटले गेले. बाबा सहगल यांचे रॅप 1992 च्या सुमारास गाजले. 1995 मध्ये अलिशा चिनॉय यांचा ‘मेड इन इंडिया’ आणि दलेर मेहंदी यांचा ‘बोलो तारा रा रा’ हे अल्बम आले. पुढच्याच वर्षी लकी अली यांचा ‘सुनो’ आला. या सर्वांचे यश कॅसेटच्या विक्रीतून मोजले जात असले तरी ती कॅसेट विकत होता तो व्हिडिओ. चेहरा, पेहराव, नाच आणि चाल यांची एकत्र विक्री करणारी ही पहिलीच पिढी होती. पुढे तीच माणसे दूरचित्रवाणीच्या इतर कार्यक्रमांत गेली, यात नवल नाही. बाबा सहगल 2006 मध्ये ‘बिग बॉस’च्या पहिल्या हिंदी पर्वात दिसले, तर नव्वदच्या दशकातील पॉप गायिका रागेश्वरी 2011 मध्ये पाचव्या पर्वात.

याच काळात दुसरा एक प्रवाह सुरू झाला आणि अभिजीत सावंत यांच्या कारकिर्दीशी त्याचे नाते अधिक जवळचे आहे. झी टीव्हीवर 1995 मध्ये ‘सा रे ग म’ ही स्पर्धा सुरू झाली आणि तिचे सूत्रसंचालन सोनू निगम या तरुण गायकाकडे आले. तोवर त्यांना पार्श्वगायनात म्हणावी तशी संधी मिळालेली नव्हती. या कार्यक्रमाने त्यांचा आवाज आणि चेहरा एकाच वेळी घराघरांत पोहोचवला. त्या स्पर्धेतील परीक्षक बुजुर्ग संगीतकार आणि गायक असत आणि निर्णयही त्यांचाच असे. गुण सुरांना, तालाला, शब्दोच्चाराला मिळत. प्रेक्षकाने ऐकावे, शिकावे आणि निकाल मान्य करावा, अशी ती रीत होती.

मराठीत या दोन्ही प्रवाहांना जागा मिळाली ती 15 ऑगस्ट 1999 रोजी अल्फा मराठी ही वाहिनी सुरू झाल्यानंतर. मराठी गाण्याचा व्हिडिओ दिवसातून अनेकदा दाखवता येईल अशी सोय प्रथमच निर्माण झाली, आणि तिचा सर्वांत मोठा लाभ 2002 मध्ये आलेल्या ‘ऐका दाजीबा’ला झाला. अवधूत गुप्ते यांचे संगीत, वैशाली सामंत यांचा आवाज आणि पडद्यावर इशिता अरुण व मिलिंद गुणाजी, असे ते गाणे होते. लग्नाच्या वरातीपासून गणपतीच्या मिरवणुकीपर्यंत ते वाजले, आणि मराठी न समजणाऱ्यांनीही त्यावर ताल धरला. मराठी गाण्याला भावगीत, नाट्यगीत, लावणी आणि कोळीगीत यांच्या पलीकडे शहरी तरुणाची एक वाट असू शकते, हे त्या एका गाण्याने ठरवून टाकले. मराठी पॉपच्या इतिहासात त्याचे स्थान फार वरचे आहे आणि त्याची दखल आपल्याकडे पुरेशी घेतली गेलेली नाही, असे माझे मत आहे.

‘इंडियन आयडल’ 2004 च्या ऑक्टोबरमध्ये सोनीवर सुरू झाले. ब्रिटनमधील ‘पॉप आयडल’ या 2001 च्या कार्यक्रमाचा हा भारतीय अवतार होता. अनु मलिक, फराह खान आणि सोनू निगम हे परीक्षक होते. म्हणजे 1995 मधील सूत्रसंचालक आता परीक्षकाच्या खुर्चीत बसला होता. मूलभूत फरक मात्र निकालात होता. शेवटच्या टप्प्यांत परीक्षकांनी फक्त मत व्यक्त करायचे आणि कोण राहील, कोण जाईल हे प्रेक्षकांनी फोन आणि एसएमएस करून ठरवायचे, अशी पद्धत आली. त्या काळी मोबाइल नुकताच सर्वसामान्यांच्या हाती येत होता. मतासाठीचा मेसेज नेहमीच्या मेसेजपेक्षा महाग पडे, म्हणून प्रीपेडमधील शिल्लक पाहून, अंकांच्या कळा पुन्हा पुन्हा दाबून एकेक अक्षर उमटवत स्पर्धकाचे नाव लिहिले जाई आणि मेसेज गेल्याची खूण दिसली की दुसरा सुरू होई. रिचार्जच्या दुकानांपासून लोकलच्या डब्यापर्यंत ‘किती पाठवलेस?’ हा प्रश्न विचारला जाई. मत दिलेल्या माणसाला त्या गायकाबद्दल जे आपलेपण वाटते, ते तिकीट काढून आलेल्या श्रोत्याला वाटणाऱ्या आपलेपणाहून निराळे असते. या गायकाला आपण उभे केले, ही त्यामागची भावना असते.

माहीमच्या शाहूनगर भागात वाढलेले अभिजीत सावंत या मतदानातून 5 मार्च 2005 रोजी पहिले विजेते झाले. अमित साना दुसरे आणि राहुल वैद्य तिसरे आले. राष्ट्रीय पातळीवरील हिंदी स्पर्धेत मध्यमवर्गीय मराठी घरातील, चित्रपटसृष्टीत कुणी वडीलधारे नसलेला मुलगा जिंकला, याचे मुंबई-ठाण्यात केवढे अप्रूप होते, ते आज सांगून कळणार नाही. त्याच वर्षी ‘आपका अभिजीत सावंत’ हा अल्बम आला, त्यातील ‘मोहब्बतें लुटाऊंगा’ सर्वत्र वाजले, आणि ‘आशिक बनाया आपने’ या चित्रपटासाठी ‘मरजावां मिटजावां’ हे गीतही त्यांनी गायले. दुसरा अल्बम ‘जुनून’ 2007 मध्ये आला.

या दोन अल्बमांमधील दोन वर्षांत बाजार पार बदलला होता. खासगी एफएम वाहिन्यांनी जवळजवळ पूर्णपणे चित्रपटगीतांचा रस्ता धरला होता. संगीतवाहिन्या रिअ‍ॅलिटी मालिकांकडे वळल्या होत्या; एमटीव्हीचे ‘रोडीज’ 2003 मध्येच सुरू झाले होते आणि चॅनल व्हीने पुढे 2012 मध्ये संगीत जवळपास सोडूनच दिले. रेल्वे स्थानकांबाहेरच्या पदपथांवर शंभराहून अधिक गाण्यांची एमपी३ सीडी एका कॅसेटच्या किमतीहून स्वस्तात मिळू लागल्यावर दहा गाण्यांचा अल्बम पूर्ण किंमत देऊन घेणारे ग्राहक झपाट्याने कमी झाले. कंपन्यांना उत्पन्न मिळू लागले ते रिंगटोन आणि कॉलर ट्यूनमधून, आणि तेही गाजलेल्या चित्रपटगीतांच्या. व्हिडिओवर पैसा लावून गायकाला उभे करण्यात कंपन्यांना अर्थ उरला नाही. ‘इंडियन आयडल’ने अल्बमचा तारा निवडला, तो नेमका अल्बमच्या शेवटच्या वर्षांत. पार्श्वगायनाचा मार्ग उरतो, असे म्हणता येईल. परंतु तेथे एका गाण्यासाठी अनेक आवाज तपासले जातात, आणि फार ओळखीचा आवाज पडद्यावरच्या नायकाला देताना संगीतकार बिचकतात. या सगळ्यात गायकाचा दोष कोणता?

यानंतरची त्यांची कामे एकापाठोपाठ ठेवली की दूरचित्रवाणीचा धागा स्पष्ट दिसतो. ते 2007 मध्ये जाकार्ता येथे ‘एशियन आयडल’मध्ये भारताकडून उतरले. पुढच्या वर्षी ‘जो जीता वही सुपरस्टार’मध्ये जुन्या स्पर्धांतील नामवंत पुन्हा एकमेकांसमोर आले आणि तेथे राहुल वैद्य जिंकले. पत्नी शिल्पा यांच्यासह ते ‘नच बलिए’च्या चौथ्या पर्वात नाचले. ‘लॉटरी’ या 2009 च्या चित्रपटात त्यांनी अभिनय केला. आणि 2010 मध्ये ‘इंडियन आयडल’च्या पाचव्या पर्वाचे सूत्रसंचालन करण्यासाठी ते त्याच मंचावर परतले. सोनू निगम सूत्रसंचालक म्हणून आले आणि त्यातून गायक म्हणून मोठे झाले. अभिजीत सावंत गायक म्हणून विजयी झाले आणि सूत्रसंचालक झाले. दोघांच्या वाटा उलट दिशेने गेल्या याला दोघांच्या कुवतीपेक्षा मधल्या पंधरा वर्षांतील संगीतव्यवसाय अधिक जबाबदार आहे.

मराठी वाहिन्यांवर हीच गोष्ट अधिक सुखाने घडली. अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत 2008 मध्ये ‘सारेगमप लिटल चॅम्प्स’चे परीक्षक झाले आणि पल्लवी जोशी यांच्या सूत्रसंचालनासह त्या पर्वाने महाराष्ट्राला अक्षरशः वेड लावले. कार्तिकी गायकवाड विजेती ठरली. मुग्धा वैशंपायन, आर्या आंबेकर, प्रथमेश लघाटे आणि रोहित राऊत हेही घरोघरी लाडके झाले. याच पाच जणांना 2021 मध्ये नव्या पर्वासाठी परीक्षक म्हणून बसवण्यात आले. गुप्ते यांनी ‘खुपते तिथे गुप्ते’मधून मुलाखतकार म्हणून निराळी ओळख मिळवली, ‘झेंडा’पासून चित्रपट दिग्दर्शित केले आणि गाणेही चालू ठेवले. मराठी बाजार लहान असल्यामुळे एकाच माणसाने चार कामे करावीत, हे येथे आधीपासून गृहीत होते; हिंदीत तीच गोष्ट घसरण म्हणून पाहिली गेली.

‘बिग बॉस’ मराठीत 2018 मध्ये आले तेव्हा गायकांना त्यात जागा मिळणार हे उघड होते. दुसऱ्या पर्वात वैशाली माडे होत्या, तिसऱ्या पर्वात गायकांच्या शिंदे घराण्यातील डॉ. उत्कर्ष शिंदे. हिंदीच्या चौदाव्या पर्वात राहुल वैद्य उपविजेते ठरले. पाचव्या मराठी पर्वात रितेश देशमुख यांच्या सूत्रसंचालनाखाली अभिजीत सावंत सत्तर दिवस राहिले. आरडाओरड्यावर चालणाऱ्या त्या घरात त्यांनी बहुतांशी संयम राखला आणि प्रेक्षकांनी त्यांना अंतिम दोघांत नेले. त्यांच्या पुढे गेले ते मोबाइलवरील छोट्या व्हिडिओंतून नाव झालेले, बारामती तालुक्यातील सूरज चव्हाण. मतदानही आता अ‍ॅपवर होते. नव्या माध्यमाने 2005 मध्ये ज्यांना पुढे आणले होते, ते 2024 मध्ये त्याहून नव्या माध्यमातून आलेल्या मुलाच्या शेजारी उभे होते, आणि निकालाच्या क्षणी त्यांनी दाखवलेला मोठेपणा लक्षात राहण्यासारखा होता.

या पडद्यावरील हजेरीचा व्यावहारिक अर्थ पाहायचा तर ठाण्यासारखी जागा नाही. गणेशोत्सव, दहीहंडी, नवरात्र, दिवाळी पहाट आणि गृहसंकुलांचे वर्धापनदिन यांमुळे येथे वर्षभर रंगमंच उभे राहतात, आणि गायकांचे उत्पन्न मुख्यतः याच सुपाऱ्यांतून येते. घंटाळी मैदानातील कार्यक्रम असो वा तलावपाळीवरील दिवाळी पहाट, फ्लेक्सवर गायकाच्या छायाचित्राखाली नाव असते आणि त्याखाली लहान अक्षरांत ‘सारेगमप फेम’, ‘इंडियन आयडल फेम’ असे छापलेले असते. मंडळाच्या बैठकीत एखादे नाव सुचवले गेले की पहिली चौकशी होते ती हल्ली ते कुठे दिसतात याची. मानधनाचा आकडा त्यानंतर ठरतो. साथीला पूर्ण वाद्यवृंद आणायचा की मायनस वन ट्रॅकवर, म्हणजे गायकाचा आवाज वगळून ध्वनिमुद्रित केलेल्या साथीवर भागवायचे, हेही त्याच आकड्यावर अवलंबून असते. वाद्यवृंद आला तर ढोलकी, कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि गिटार वाजवणाऱ्या चार-सहा घरांतही त्या रात्रीचे पैसे जातात. दूरचित्रवाणीवर पुन्हा दिसलेला गायक आपल्याबरोबर या साथीदारांचाही हंगाम उभा करतो.