बी तारेचं काय करायचं?

नावेवरचा जीपीएस लॅपटॉपला जोडला, लॅपटॉप चालू केला, आणि पडद्यावरचा बाण आपल्याच मनाने पळत सुटला. मध्येच क्लिक होतंय, भलत्याच फाइली उघडताहेत. हा तमाशा अनेकांनी पाहिलाय. कुणी व्हायरस म्हणतं, कुणाला उपग्रहातून कोणीतरी ‘हॅक’ केल्याची खात्री असते. भूत नाही आणि हॅकरही नाही. विंडोज सुरू होताना सीरियल पोर्टवर, म्हणजे एकेक बिट रांगेने नेणाऱ्या जोडणीवर, कुणी बोलतंय का, याचा कानोसा घेतं. तिथे जीपीएसची अखंड बडबड चालू असते. विंडोजला तो जुना सीरियल माउस वाटतो आणि अक्षांश-रेखांशांचे आकडे ते बाणाच्या हालचाली म्हणून वाचू लागतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन हा नसलेला माउस ‘डिसेबल’ केला की बाण जागेवर येतो.

प्लग बसला म्हणजे जोडणी झाली, ही समजूत इथेच मोडते.

ही बडबड ‘एनएमईए 0183’ या मानकाने बांधलेली असते. अमेरिकेतल्या नॅशनल मरीन इलेक्ट्रॉनिक्स असोसिएशनचं हे मानक 1983 चं. जीपीएस, खोली मोजणारा साउंडर, ऑटोपायलट अशी कितीतरी यंत्रं आजही त्याच बोलीत बोलतात. वेग सेकंदाला 4800 बिट. एका अक्षराला 10 बिट लागतात, म्हणजे सेकंदाला 480 अक्षरं. वाक्याची कमाल लांबी 82 अक्षरं, आणि तेवढं वाक्य पोचायला सेकंदाचा सहावा हिस्सा जातो. त्यामुळे सोन्याचा मुलामा दिलेली ‘हायस्पीड’ केबल कुणी गळ्यात मारू लागलं, तर हसून पुढे जावं. सोनं खाऱ्या हवेत गंजत नाही हे खरं, पण त्याने अक्षरं काही लवकर पोचत नाहीत.

आता माझ्या आवडीची गोष्ट. बोलणाऱ्या यंत्रातून संदेशाच्या दोन तारा निघतात, ए आणि बी. शून्य पाठवायचा असेल तर ए वर आणि बी खाली, एक पाठवायचा असेल तर उलट. ऐकणारा कुठल्याच तारेचा व्होल्टेज सुटा मोजत नाही, तो फक्त दोघींमधला फरक पाहतो. समजा ए वर 5 व्होल्ट आहेत, बी वर 0. तेवढ्यात इंजिनाच्या अल्टरनेटरने गोंगाट केला आणि दोन्ही तारांवर 3 व्होल्ट चढले. ए झाली 8, बी झाली 3. फरक? पुन्हा 5. गोंगाट वजाबाकीत उडाला! मात्र त्यासाठी तो दोन्ही तारांवर सारखाच चढायला हवा, म्हणून तारा एकमेकींना पिळलेल्या असतात. प्रत्येक पिळाला त्यांची जागा बदलते, त्यामुळे कुठलीच तार गोंगाटाच्या कायम जवळ राहत नाही. या पद्धतीचं नाव आरएस-422. तिच्या रिसीव्हरला 0.2 व्होल्टचा फरकही पुरतो.

संगणकाचा नऊ पिनांचा पोर्ट मात्र आरएस-232 वाला. त्याला फरकाशी देणंघेणं नाही, तो एकाच तारेचा व्होल्टेज ग्राउंडच्या, म्हणजे शून्य व्होल्ट मानलेल्या तारेच्या, तुलनेत मोजतो. नियमाने त्याला ‘एक’साठी उणे 3 पेक्षा खाली आणि ‘शून्य’साठी अधिक 3 पेक्षा वर व्होल्टेज हवा. ए तार देते 0 आणि 5. म्हणजे तिचा 0 व्होल्ट नेमका नियमाने मनाई केलेल्या पट्ट्यात पडतो. तरी काम भागतं, कारण प्रत्यक्षातल्या रिसीव्हर चिपा सव्वा-दीड व्होल्टच्या आसपास हो-नाही ठरवून टाकतात. स्वस्तातली अडॅप्टर केबल या मेहेरबानीवर चालते. ए तार पिन 2 ला, जीपीएसचा ग्राउंड पिन 5 ला.

हल्ली लॅपटॉपला हा पोर्टच नसतो, म्हणून यूएसबी-सीरियल केबल घ्यावी लागते. तिच्या जाड टोकात एक चिप असते. यूएसबीवर कुणी वाटेल तेव्हा बोलू शकत नाही, संगणकाने विचारल्यावरच उत्तर द्यायचं असतं. चिप जीपीएसची अक्षरं गोळा करून ठेवते, आणि ड्रायव्हर संगणकाला खोटा ‘कॉम पोर्ट’ दाखवतो. प्रोग्रॅममध्ये वेग 4800 च ठेवा. एआयएस (आसपासच्या जहाजांची ओळख आणि जागा सांगणारं यंत्र) असेल तर सहसा 38400. वेग चुकला की पडद्यावर नुसता कचरा दिसतो.

राहिली बी. ती ग्राउंडला जोडायचा मोह भल्याभल्यांना होतो. पण यंत्र जेव्हा बी वर 5 व्होल्ट चढवू पाहतं, तेव्हा आपण तिला जमिनीला बांधलेलं असतं. हे शॉर्टसर्किटच, आणि यंत्राचं आउटपुट त्यात जळू शकतं. साध्या केबलवर बी मोकळी सोडा, उघड्या टोकाला टेप लावा. इंजिन चालू केल्यावर वाक्यं तुटायला लागली, तर आरएस-422 घेणारा, विद्युत-विलग (दोन्ही बाजूंमध्ये विजेची थेट जोडणी नसलेला) कन्व्हर्टर आणा. त्यात बी ला तिची जागा असते.