वॉटर स्की 'वाढत्या अंगाची' घेऊ नका

चतुर्थीचे कपडे वाढत्या अंगाचे शिवतात, तशीच मुलाची स्लालम स्की (बोटीमागे पाण्यावर घसरताना दोन्ही पाय एकामागे एक ठेवायची एकच फळी) दोन मापं मोठी घ्यावी, हा सल्ला गोव्यात फार ऐकू येतो. तो चुकीचा आहे, आणि मुलाच्या घोट्यासाठी धोक्याचाही.

स्लालम स्कीचं माप उंचीवर ठरत नाही. ठरतं ते वजन आणि बोटीच्या वेगावर. 45 किलोंच्या आतल्या मुलाला साधारण 59 ते 62 इंच पुरते. शेवटचा शब्द मात्र त्या मॉडेलच्या तक्त्याचा. लांब स्की जड पडते, वळताना कडेवर झुकत नाही. मग मूल खांदे फिरवून वळायला बघतं आणि ती सवय पुढे मोडता मोडत नाही. अगदी अरुंद, लहान स्कीही नको. मुलांना बोट हळू ओढते, त्या वेगात ती बुडते आणि पाण्यातून उठतानाच हात भरून येतात. हळू वेगाला उपाय लांबी नव्हे, रुंदी. पुढचा भाग रुंद असलेली स्की निवडा.

खरी वाढ सामावते ती बाइंडिंगमध्ये, म्हणजे स्कीवर बसवलेल्या, पाय अडकवायच्या बुटात. तीन-चार मापं सरकणारं, लेसचं बाइंडिंग घ्या. ओल्या पायाने घालून बघा: टाच उचलली जाता कामा नये. सैल बुटातून पडताना पाय अर्धवट निघतो आणि घोटा पिळवटतो. मागच्या पायाला सुरुवातीला नुसता पट्टा बरा.

शापोरा नदीच्या खाऱ्या पाण्यातून आल्यावर बाइंडिंग गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा.