बाळाला दूध सोसत नाही, म्हणजे काय?

भाचीचं बाळ पाच दिवसांचं होतं. बडोद्याला दांडिया बाजारातल्या घरी पाचवीच्या पूजेची गडबड, आणि बाळ मात्र पाजलं की ओकत होतं. तिच्या आत्येसासूबाईंनी निकाल देऊन टाकला, "आमच्या घराण्यात दूध कोणालाच सोसत नाही गं. ह्यांनासुद्धा कोराच चहा लागतो." भाचीचं लक्ष फोनकडे. जन्मजात आजारांच्या तपासणीसाठी घेतलेल्या टाचेच्या रक्ताचा रिपोर्ट यायचा होता. तो नॉर्मल आला. पण 'दूध सोसत नाही' या एका वाक्यात दोन भलतीच वेगळी दुखणी लपलेली असतात.

दुधातली साखर, लॅक्टोज, ही ग्लुकोज आणि गॅलॅक्टोजची जोडी. लहान आतड्यातलं लॅक्टेज नावाचं एन्झाइम ती फोडतं. कोरा चहावाल्या काकांचं बिनसतं ते इथेच. वयाबरोबर लॅक्टेज कमी होतं, साखर न फुटता मोठ्या आतड्यात जाते, तिथले जंतू ती आंबवतात. पोट फुगतं, गुडगुडतं, धावपळ होते, पण जिवाला धोका नसतो. शिवाय हे साधारण मोठेपणचं दुखणं. जन्मतःच लॅक्टेज नसलेलं बाळ फार विरळा. आईच्या दुधात 100 मिलिलिटरमागे सुमारे 7 ग्रॅम लॅक्टोज असतं, गाईच्या दुधापेक्षा जास्त, आणि तान्ही बाळं ते बिनबोभाट पचवतात.

दुसरं दुखणं गॅलॅक्टोसेमिया, हा जन्मजात आजार. त्यात साखर फुटते अगदी नीट. घोळ पुढे होतो. रक्तात आलेल्या गॅलॅक्टोजवर पुढची प्रक्रिया करणारं 'गॅल्ट' हे एन्झाइमच नसतं. मग यकृत, मूत्रपिंडं, मेंदू यांना इजा होते, डोळ्यांत मोतीबिंदू होतो. पहिल्या काही दिवसांतच ओकणं, कावीळ, दूध न ओढणं, सुस्ती दिसते. रक्तात जंतुसंसर्ग होऊन बाळ दगावूही शकतं.

खरा घात होतो तो उपायात. काकांना ताक चालतं, दुकानातलं लॅक्टोज-फ्री दूधही चालतं. त्या दुधात लॅक्टोज आधीच फोडलेलं असतं, म्हणजे गॅलॅक्टोज मोकळं होऊन तिथेच बसलेलं! गॅलॅक्टोसेमियाच्या बाळाला ते विषासमान. दही-ताकातही गॅलॅक्टोज उरतंच. अशा बाळाचं आईचं दूधसुद्धा थांबवावं लागतं, आणि डॉक्टर सोयाबीनचं फॉर्म्युला दूध सुरू करतात, तेही पक्क्या निदानाची वाट न पाहता. (नुसत्या ओकाऱ्यांवरून घरच्या घरी अंगावरचं पाजणं बंद करणं हा मात्र निव्वळ आगाऊपणा.) वेळेत दूध थांबलं तर जीव वाचतो, तरी पुढे बोलायला उशीर किंवा मुलींमध्ये बीजकोशांच्या तक्रारी राहू शकतात.

घराण्याचा दाखलाही इथे फसवा. गॅलॅक्टोसेमियाच्या बाळाचे आईवडील दोघंही सदोष जनुकाची एकेक प्रत बाळगून असतात आणि वाटीवाटीने दूधपाक ओरपतात. प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 4 पैकी 1.

म्हणून ती टाचेची टोचणी. जन्मानंतर साधारण 24 ते 72 तासांच्या आत टाचेच्या कडेला टोचतात, पहिला थेंब पुसून टाकतात, पुढचे जाड कागदावरच्या छापील गोलांत पार आरपार मुरू देतात आणि कागद आडवा ठेवून सुकवतात. आपल्याकडे ही तपासणी सगळीकडे आपोआप होत नाही, विचारावं लागतं. आणि बाळाला रक्त चढवायचं असेल तर हे थेंब त्याआधी घ्यायला सांगा. दात्याच्या रक्तातलं गॅल्ट रिपोर्ट खुशाल नॉर्मल दाखवतं.